कुंचला एकाचा, नाव दुसऱ्याचं

पुण्याहून लोकल सुटली की शिवाजीनगर, खडकी आणि मग दापोडी. एसटीचं वर्कशॉप, लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज, मुळेवरचा हॅरिस पूल आणि दाटीवाटीची वस्ती. दापोडी म्हटलं की एवढंच डोळ्यांपुढे येतं. एकोणिसाव्या शतकात मात्र इथे मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पतीबाग होती. १८४७ ते १८५० या काळात एक चित्रकार या बागेतल्या झाडाझुडपांची चित्रं काढत होता. त्यातली दीडशेहून अधिक चित्रं आज स्कॉटलंडमध्ये, एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलेली आहेत आणि अभ्यासक त्यांना ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ म्हणून ओळखतात. ज्याने ती करवून घेतली त्याचं नाव, गाव, जन्म, मृत्यू, हुद्दा सगळं कागदोपत्री आहे. ज्याने ती काढली तो ‘पोर्तुगीज’ होता, एवढीच नोंद उरली आहे. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचा, पोर्तुगीज नाव लावणारा इथला माणूस.

मी नोकरीभर शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी मुलामुलींना घेऊन नदीकाठी, टेकडीवर जाते आणि निसर्गाची वही ठेवायला शिकवते. समोर दिसेल ते काढायचं, शेजारी लिहायचं. या कामामुळे मला त्या निनावी चित्रकाराची ओढ लागली. त्याच्यामागे जात जात मी जे वाचलं, पाहिलं, त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. झाडापाखरांची चित्रं काढायची आणि नोंदी ठेवायची रीत आपल्या भागात चांगली साडेतीनशे वर्षं जुनी आहे. पण ती जवळजवळ सगळा काळ दोन माणसांत वाटलेली राहिली. एकाला झाड ठाऊक, दुसऱ्याला रेघ ठाऊक. दोन्ही एकाच हातात फार क्वचित आली.

आधी दापोडीबद्दल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात कॅप्टन फोर्डची पलटण इथे होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत ती इथूनच जाऊन इंग्रजांना मिळाली. फोर्डचा इथला बंगला पुढे १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारसाठी घेतला. गव्हर्नरने पावसाळ्यात राहायचं आणि शेजारच्या जमिनीवर वनस्पतीबाग करायची, अशी ती योजना होती. बाग शोभेपुरती नव्हती. लष्कराच्या दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती इथे लावल्या जात, बाहेरून आणलेली झाडं इथल्या हवेत टिकतात का ते पाहिलं जाई, बियाणं आणि रोपं वाटली जात.

१८३८ मध्ये या बागेवर डॉ. अलेक्झांडर गिब्सन आला. तो मूळचा स्कॉटलंडचा आणि पेशाने डॉक्टर. त्याआधी दख्खनमध्ये देवीच्या लसीकरणाच्या कामावर असल्यामुळे गावोगाव हिंडलेला. जुन्नरजवळ हिवरे इथेही त्याच्या देखरेखीखाली बाग होती. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला आणि सह्याद्री, कोकण पालथं घालू लागला. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे त्याने त्या काळात सरकारला लिहून कळवलं होतं. पुढे १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ निघाला. आपल्या भागातल्या वनस्पतींच्या अभ्यासात त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं. मला गिब्सनबद्दल आदरच आहे. त्याने चित्रकार नेमला नसता तर ही चित्रं झालीच नसती.

पण चित्र काढणाऱ्याचं काम काय असतं ते जरा जवळून पाहू.

कापून आणलेली फांदी तासाभरात मान टाकते. म्हणून आधी फूल काढायचं, मग कळी, पानं शेवटी. पाण्यात ठेवली, ओल्या फडक्यात गुंडाळली तरी पाकळीचा ताण उतरतोच आणि रंग फिरतो. हलक्या पेन्सिलीने बाहेरची रेघ, मग पाण्याच्या रंगाचे पातळ हात एकावर एक. हिरवा तर दर पानाला नव्याने कालवावा लागतो. कोवळं पान पिवळ्याकडे झुकतं, जून पान निळ्याकडे, आणि पानाची पाठ दोन्हीपेक्षा फिकी. वनस्पतिशास्त्रासाठी काढलेल्या चित्रात फूल नि फळ एकाच कागदावर लागतं, पण झाडाला ती एकाच वेळी येत नाहीत. फूल आषाढात, शेंग दिवाळीनंतर. मग चित्रकाराने कागदावर जागा मोकळी सोडायची, कागद जपून ठेवायचा आणि शेंग धरायची वाट बघायची. खाली कोपऱ्यात फूल उकलून पुंकेसर किती, अंडाशय वर की खाली, ते वेगळं दाखवायचं. हे सगळं करणारा माणूस ते झाड ओळखत नव्हता असं कोण म्हणेल? पानाची शीर काठापर्यंत पोचते की आत वळते, हे ज्याने शंभरदा काढलं त्याला ते कुठल्याही साहेबाइतकंच ठाऊक असणार. त्याच्या हाताखालून दापोडीची अख्खी बाग गेली. तरी त्याचं नाव कुणी कोपऱ्यात लिहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बाग पुढे गेली. गणेशखिंडीत नवं गव्हर्न्मेंट हाउस उभं राहिलं, तीच आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. दापोडीचं महत्त्व सरलं. राहिली ती चित्रं, सातासमुद्रापार.

कामाची अशी वाटणी आपल्याकडे त्याही आधीपासूनची. कोचीचा डच कमांडर व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर करवून घेतलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापला गेला, बारा खंडांत. त्यातली माहिती इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याची आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांची. या तिघांचं निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोंकणीत छापलेलं आहे. गोव्यातून परागंदा होऊन कोचीला गेलेल्या आपल्या लोकांचं हे अक्षर इतक्या जुन्या छापील पुस्तकात पाहून ऊर भरून येतो. निदान त्यांची नावं तरी उरली. पण ज्ञान एकाचं, रेघ दुसऱ्याची आणि मजकूर लॅटिनमध्ये तिसऱ्याचा, ही वाटणी तिथेही होतीच. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पक्ष्यांची आणि वनस्पतींची सुरेख चित्रं करवून घेतली. मराठी राजाच्या दरबारात तमिळ मुलखातली पाखरं कागदावर उतरली. राजांची हौस आणि विद्या दोन्ही मोठी. कुंचला मात्र चित्रकारांचा.

दोन्ही एका हातात आलेलं जुनं उदाहरण म्हणून मला जेम्स फोर्ब्ज दिसतो. १७६६ मध्ये हा पोरगा ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मुंबईच्या किल्ल्यात उतरला. वय सतराच्या आसपास. पगार इतका तुटपुंजा की रात्री मेणबत्ती परवडत नसे, म्हणून गच्चीवर चांदण्यात वाचायचा. चित्रकलेची शाळा नाही, वनस्पतिशास्त्राची पदवी नाही. घरच्यांना लिहायचं म्हणून त्याने दिसेल ते टिपायला सुरुवात केली: झाडं, पाखरं, बाजार, देवळं, होड्या. पुढे १७७५ मध्ये राघोबादादांच्या मदतीला इंग्रजांची फौज गुजरातेत गेली तेव्हा कर्नल कीटिंगचा चिटणीस म्हणून तो बरोबर होता. मग भडोच, डभई. १७८४ मध्ये तो मायदेशी परतला तोवर लिखाणाचा आणि चित्रांचा डोंगर साठला होता. त्याच्याच सांगण्याप्रमाणे दीडशे मोठे खंड, बावन्न हजार पानं. त्यातून निवडून १८१३ पासून ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ चार खंडांत छापून निघालं.

त्याची एक हकीकत मी मुलांना नेहमी सांगते. एका गारुड्याचा नाग त्याने चित्रासाठी मागवला. तासभर तो नाग टेबलावर पुंगीपुढे डोलत होता आणि फोर्ब्ज रंगवत होता. विषारी दात काढलेले आहेत अशी त्याची समजूत, त्यामुळे फण्यावरचे ठिपके नीट दिसावेत म्हणून त्याने मध्येमध्ये त्याला हातही लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी नोकर धावत आला. त्याच नागाने बाजारात खेळ चालू असताना एका तरुण बाईला डंख केला होता, आणि ती गेली. ही गोष्ट सांगताना मुलं श्वास रोखून ऐकतात. मी ती दोन कारणांसाठी सांगते. एक, अंतर ठेवा. जिवंत प्राण्याला हात लावायची गरज चित्राला कधीच नसते. दुसरं, त्याने हे लिहून ठेवलं. चित्र कसं झालं, नाग कुणाचा होता, पुढे काय घडलं, सगळं. नुसता फणा काढला असता तर तो एक देखणा फणा राहिला असता.

मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि रेघ शिकण्याची सोय झाली. तिथले विद्यार्थी किती बारकाईने पाहायला शिकले होते ते बघायचं असेल तर सीएसएमटी स्टेशनावर गर्दी नसलेल्या वेळी जावं. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी त्या इमारतीवर मोर, माकडं आणि इथली पानंफुलं दगडात उतरवली. रोज लाखो माणसं त्याखालून जातात. दगडात पान कोरायचं तर ते आधी वहीत काढावं लागतं, आणि वहीत काढायचं तर झाडाखाली बसावं लागतं. त्या मुलांच्या वह्या आज हाती असत्या तर मुंबईच्या झाडांचा केवढा इतिहास मिळाला असता.

जे. जे.च्याच वळणातून आपल्या शाळांपर्यंत पोचल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा. माझ्या पिढीला त्यातलं निसर्गचित्र आठवत असेल. बाटलीत खोचलेली फांदी समोर यायची, कण्हेर, तगर, जास्वंद, जे शाळेच्या आवारात असेल ते. पानांचा झोक, फुलाचा घेर, छाया-प्रकाश, गुण. फांदी कशाची हे कुणी विचारत नसे. आणि त्याच मजल्यावर चार दारं सोडून जीवशास्त्राची प्रयोगशाळा. तिथेही जास्वंदच. तिचा उभा छेद, निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग, नावं बरोबर आणि पट्टीने ओढलेल्या रेघा. पण चित्र मात्र आदल्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमधून उतरवलेलं, ताजं फूल टेबलावर तसंच पडलेलं. एका खोलीत नावाशिवाय रेघ, दुसऱ्या खोलीत न पाहता नाव. या दोन खोल्यांमधली भिंत पाडायची कशी, हा प्रश्न मला सगळी नोकरी पुरला.

काही वर्षांनी मी एक साधी गोष्ट सुरू केली. माझ्या तासाला मुलांना जास्वंदीचं एकेक फूल द्यायचं आणि पाकळ्या काढायला सुरुवात करण्याआधी मधली दांडी काढायची. एक मुलगी बराच वेळ खोडरबर चालवत बसली होती. मग म्हणाली, “बाई, ही एक दांडी नाहीये. बाहेरची नळी आहे आणि आतून दुसरी वर येतेय.” पुंकेसरांची नळी आणि तिच्यातून वर निघालेला कुक्षीवृंत, टोकाला पाच मखमली ठिपके. प्रयोगशाळेतल्या तक्त्यावर हे रोज टांगलेलं असायचं. तिला ते पेन्सिलीने सापडलं, कारण दांडीची बाहेरची रेघ कुठे संपवायची ते ठरवता येईना.

पाहून नोंदवणं किती दूर नेऊ शकतं, याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या अलिबागशेजारच्या किहीमचा आहे. बर्लिनला प्रोफेसर श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून सलीम अली परतले तेव्हा हाताशी नोकरी नव्हती. ते किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. १९३० च्या पावसाळ्यात उंच शिडीवर आडोसा करून ते तासन्‌तास घरट्यांसमोर बसले आणि कुठल्या घरट्यात केव्हा काय झालं ते लिहीत गेले. घरटं नर बांधतो. अर्धवट झालं की थांबतो, माद्या येऊन आत शिरून पाहतात, एखादीला पसंत पडलं की तो ते पुरं करून देतो आणि लगेच शेजारी दुसरं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जे घरटं कुणालाच पसंत पडत नाही ते तसंच अर्धवट लोंबत राहतं. बाभळीवर लोंबणारी अर्धी घरटी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी पाहिली होती. ती अर्धी का, हे कळायला रोज त्याच जागी बसणारा आणि घरट्यांचा हिशेब ठेवणारा माणूस लागला. पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ते छापून आलं. त्यासाठी लागलं होतं काय? शिडी, आडोसा, घड्याळ, वही.

मराठीत हे वळण आणणाऱ्यांत व्यंकटेश माडगूळकर मला फार जवळचे, कारण ते लिहितही होते आणि रेखाटतही होते. नागझिऱ्याला जाऊन राहिलेला हा माणूस प्राण्याची बसण्याची ढब दोन-चार रेघांत पकडायचा, आणि ‘नागझिरा’ वाचताना कळतं की वाक्यसुद्धा तो तसंच लिहायचा. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते; कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा जंगलांत त्यांची सेवा झाली. जंगलात राहणाऱ्या माणसांना, नवेगावच्या ढिवरांना, विचारून विचारून त्यांनी पाखरांची आणि झाडांची नावं, सवयी टिपून ठेवल्या. त्यांच्या ‘पक्षिकोशा’मागे ही वर्षानुवर्षांची टिपणं आहेत. दापोडीत जे घडलं नाही ते चितमपल्लींनी केलं: माहिती कुणाकडून मिळाली ते सांगितलं, नवेगावबांधच्या माधवराव पाटलांचं ऋण तर पुन्हापुन्हा मानलं. जून २०२५ मध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती.

आता आमच्या रविवारांबद्दल. श्रावणात टेकडीवर कुंपणाला कळलावी चढलेली असते. मुलं लांबूनच ओरडतात, कारण फूल पेटल्यासारखं दिसतं. मी सांगते, रंगपेटी बंद, आधी पेन्सिल. कळलावीच्या पानाचं टोक लांबत जाऊन वळतं आणि काटकीला मिठी मारतं. म्हणजे वेलीला वेगळे ताणे नाहीतच, पानच ताण्याचं काम करतं. पाकळ्या सहा, सगळ्या मागे वळलेल्या, काठ लाटांसारखे. कोवळ्या फुलात पिवळा जास्त, जुन्यात लाल, त्यामुळे एकाच वेलीवर वरपासून खालपर्यंत रंग बदलत गेलेला दिसतो. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट कुक्षीवृंताची. तो अंडाशयातून निघतो आणि पहिल्याच ठिकाणी काटकोनात वळून बाजूला निघून जातो. ज्याने फुलाचा नुसता फोटो काढला त्याच्या हे सहसा लक्षात येत नाही. चित्र काढणाऱ्याची पेन्सिल तिथे अडते, तो मान वाकडी करून पुन्हा बघतो. कंद विषारी असतो, म्हणून उपटायचं नाही, वेल जिथे आहे तिथेच बसून काढायचं.

चित्र झालं की शेजारी लिहायचं. ठिकाण, तारीख, वेळ, ऊन की पाऊस. फुलावर कोण आलं होतं. झाडाचं नाव ठाऊक असेल तर लिहा, नसेल तर जागा मोकळी सोडा आणि वाटेत भेटणाऱ्या गुराख्याला विचारा. त्याने सांगितलं तर त्याचंही नाव लिहा. चित्र वाकडं आलं तरी पान फाडायचं नाही, कारण वाकड्या चित्रातही पाकळ्या सहाच मोजलेल्या असतात. अंदाजाने काही भरायचं नाही. पान मागून दिसलं नसेल तर तिथे ‘पाहिलं नाही’ असं लिहायचं. चांगली रेघ असणाऱ्या मुलांना हे जड जातं, त्यांना चित्र पुरं करायची घाई असते. ज्यांना चित्रकला येत नाही असं घरच्यांनी ठरवून टाकलेलं असतं, ती मुलं या वहीत फार पुढे जातात, आणि ते पाहताना मला मनापासून आनंद होतो.

मोबाइलला माझा विरोध नाही. घरी गेल्यावर नाव शोधायला तो उपयोगी पडतो. पण टेकडीवर तो पिशवीत राहतो, कारण फोटो निघाला की बघणं थांबतं.

दापोडीची चित्रं इतक्या वर्षांनी कामाला येतात ती अशाच बारकाव्यांमुळे: कुठल्या बागेतली, कुठल्या काळातली, गिब्सनने कुठलं झाड तेव्हा लावून पाहिलं होतं. त्या चित्रांवर हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये सविस्तर पुस्तक केलं. त्याची एखादी प्रत तरी पुणे-पिंपरीच्या प्रत्येक चित्रकला शिक्षकाच्या हाती पडायला हवी. आणि शाळांकडे माझं एक मागणं आहे. आठवीपासून चित्रकलेच्या आणि विज्ञानाच्या तासाला मुलांची एकच वही चालू द्या. जास्वंद एकदाच आणा, दोघा शिक्षकांनी एकाच टेबलाशी उभं राहा, अर्धे गुण रेघेचे नि अर्धे निरीक्षणाचे द्या, आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं पूर्ण नाव असल्याशिवाय ते पान तपासायला घेऊ नका.